मधोमध बेगम, शेजारी बादशहा
ताजमहालात मधोमध मुमताजची कबर आहे, शहाजहानची नाही, म्हणजे स्वतःसाठी तो यमुनेपलीकडे काळा ताज बांधणारच होता, हा तर्क काही पटत नाही. आग्र्यातलाच इतिमाद-उद-दौलाचा मकबरा बघा. नूरजहानने बांधलेला. तिथेही तिची आई अस्मत बेगम बरोबर मध्यावर आणि वडील मिर्झा गियास बेग (म्हणजेच इतिमाद-उद-दौला) बाजूला. आई १६२१ मध्ये आधी गेली, वडील १६२२ मध्ये. हे दोघे मुमताजचे सख्खे आजी-आजोबा, म्हणजे नमुना घरातलाच!

आणि काळा ताज जिथे होणार होता असं सांगतात, त्या यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत खणल्यावर मकबऱ्याचा पाया नाही, मोठा अष्टकोनी हौद निघाला. दुसऱ्या मकबऱ्याची गोष्ट टॅव्हर्नियर या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवली खरी, पण ‘काळा’ हा शब्द त्याच्याकडेही नाही.