हा मनीप्लांट नव्हे, होया

ताई, जाड गुळगुळीत पानं समोरासमोर जोडीने आलेली आणि मेणाच्या चांदण्यांसारख्या गुलाबीसर फुलांचा गुच्छ, असं तुम्ही तुमच्या ‘मनीप्लांट’बद्दल लिहिलंय. मग हा मनीप्लांट नव्हेच. त्याची पानं एकाआड एक येतात आणि घरात तो फुलतही नाही. ही होया नावाची वेल, बहुतेक तिची कार्नोसा ही जात. खात्रीसाठी एक पान देठाशी खुडा, पांढरा चीक येईल. रुईच्याच कुळातली ना! हात मात्र लगेच धुवा. माझी होया सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात, घराच्या पूर्वेच्या गॅलरीत आहे, रात्री गोड वास सुटतो. फुलं गळली तरी त्यांचा दांडा कृपा करून कापू नका, पुढच्या कळ्या तिथूनच येतात. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात ठेवू नका, पानं करपतात.