सू शीच्या कविता दरबाराला बरोबरच कळल्या होत्या

शाईचा डाग
चिनी कवी सू शी (तोच सू तुंगपो) म्हटलं की 'बिचारा कवी, दुष्ट दरबार' हीच टेप लागते. मला ती पटत नाही.

१०७९ साली हूचौचा हा प्रांताधिकारी पकडून राजधानीत आणला गेला आणि सुमारे चार महिने कोठडीत होता. पकडणारं दरबाराचं दक्षता खातं. आवारातल्या झाडांवर कावळे बसत म्हणून त्याला 'कावळ्यांचा चौथरा' म्हणत. आरोप काय, तर सम्राट शेन्त्सोंगच्या नव्या धोरणांची कवितांतून टिंगल केली. अहो, केलीच होती! मिठाची सरकारी मक्तेदारी कडक झाली तेव्हा त्याने डोंगरातल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यावर लिहिलं. कन्फ्यूशियस संगीत ऐकून तीन महिने मांसाची चव विसरला होता, ती गोष्ट तिथल्या प्रत्येक शिकलेल्याला पाठ. सू शी म्हणतो, या म्हाताऱ्याने संगीत-बिंगीत ऐकलेलं नाही, त्याच्या जेवणात तीन महिने मीठच नाही. आणि शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी कर्जाबद्दल: फायदा एवढाच झाला की पोरांचे उच्चार शहरी झाले, कारण कर्जापायी निम्म्याहून जास्त वर्ष ती शहरातच!

दक्षता खात्याच्या शू दानने नेमक्या याच ओळी सम्राटापुढे ठेवल्या. त्याला कविता कळत होती. सू शीला निरागस ठरवणाऱ्यांना कळत नाही.

पारावरचा
असहमत. म्हाताऱ्याची कविता मान्य, पण त्या झाडाच्या कवितेचं काय? 'मुळं पाताळापर्यंत सरळ गेली, ते फक्त तिथला झोपलेला ड्रॅगन जाणतो' असं त्याने एका जुनिपरच्या झाडाबद्दल लिहिलं. त्यात एका मंत्र्याला राजद्रोह दिसला: ड्रॅगन म्हणजे सम्राट, तो तर आकाशात, मग हा पाताळात कोणाला शोधतोय? खुद्द शेन्त्सोंग म्हणाला म्हणतात, तो झाडाबद्दल लिहितोय, माझा काय संबंध. एकदा संशयाने वाचायला बसलं की काहीही सापडतं. कबुलीजबाबही कोठडीत, आठवडेच्या आठवडे चौकशी करून घेतलेला. तो तुम्ही समीक्षा म्हणून वाचताय!

जमाखर्च
मला दोघांचंही पटत नाही. त्या कर्जाचं व्याज २० टक्के होतं, आणि नव्या धोरणांचा कर्ता मंत्री वांग आन्शी याने योजना आणली ती सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून. अंमलबजावणी वाईट झाली, जबरदस्तीने कर्जं गळ्यात मारली, हे खरं. पण सू शी सरकारी पगारावर होता. सम्राटाला सरळ लिहायची सोय होती ना? टोमणे कशाला?

शाईचा डाग
@जमाखर्च, लिहिलं होतं की. १०७१ साली लांबलचक अर्ज, मुद्देसूद. त्याबद्दल कोठडी झाली नाही. त्याच वर्षी हांगचौला रवानगी झाली आणि धोरणं होती तशीच राहिली. कविता मात्र छापून विकल्या जात होत्या, आणि तो छापील संग्रहच पुरावा म्हणून दाखल झाला. अर्ज फायलीत पडतो हो. कविता हातोहात जाते, दरबाराचं दुखणं ते होतं. म्हणून तर सिमा ग्वांगसारख्या नामवंत इतिहासकारालाही, कविता मिळूनही वर कळवलं नाही म्हणून, २० चिन (तिथलं वजनाचं माप) तांबं दंड झाला.

त्या झाडाबद्दल पारावरचा यांचं बरोबर आहे. ती एक ओढाताण होती.

पारावरचा
एकच? असो. तुमच्या हिशेबाने खरा वाचक तोच, जो कवीला पकडून देतो.

जुनी वही
उशिरा आले. कोणी घरच्यांचा विषयच काढला नाही. सू शीला नेल्यावर कुटुंब नावेने निघालं होतं. वाटेत शिपायांनी नाव वेढून झडती घेतली. बायकापोरं भेदरली. शिपाई गेल्यावर बायका संतापल्या: लिहिण्याची हौस, त्यातून मिळालं काय? आणि हाताला लागलेले कागद पेटवून दिले. नंतर शोधलं तर दहातले सात-आठ गेलेले. हे त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय. उलट खटल्याच्या कागदांत त्याच्या कविता आहेत, त्याने दिलेल्या खुलाशांसकट.

जमाखर्च
त्या बायकांच्या जागी मी असतो तर मीही काडी लावली असती.

शाईचा डाग
मीही. पण जाळण्याआधी वाचून घेतलं असतं.