हार्नेस घालतात, पण हूक लावत नाहीत. काय करावं?

वाकडला अकरा मजल्यांच्या साइटवर सुपरवायझर आहे. बाहेरून प्लास्टर करणाऱ्यांना हार्नेस, म्हणजे पडलं तर धरून ठेवणारे पट्टे, दिले. अंगात घालतात, हूक मात्र शेपटीसारखा मागे लोंबतो. दंड लावला, मी दिसलो की हूक लागतो, वळलो की सुटतो. काल एकाला झापलं, तर म्हणे, "साहेब, अडकवू कशाला? परांचीच हलते." खरं सांगतो, उत्तर सुचलं नाही.

उत्तर १:
अहो, तो बरोबर बोलतोय! परांचीला हूक लावला तर परांचीसकट खाली. वरच्या मजल्याच्या आरसीसी कॉलमला वेगळी लाइफलाइन, म्हणजे हूक अडकवायचा दोर, बांधा, माणशी एक. कॉलमच्या कडेला दोर घासतो, तिथे गोणपाट गुंडाळा. आडवं सरकायचं असेल तर दोन हूकवाली दोरी घ्या, एक सोडताना दुसरा लागलेला राहतो.

उत्तर २:
दंड हजेरीतून कापता ना? मग उद्या पाय घसरून वाचला तरी तो तुम्हाला सांगणार नाही. आणि काम स्क्वेअर फुटावर दिलंय का? हूक काढ-घाल करण्यात त्याचाच रोज बुडतो.

प्रश्नकर्ता:
स्क्वेअर फुटावरच दिलंय. दंड आजपासून बंद. उद्या सकाळी दोर बांधतो, त्यालाच सोबत घेऊन. दराचं मुकादमाशी बोलावं लागेल, तो काही सरळ ऐकायचा नाही.