सब ३०० आरएमएस आणि अँप ४०० चा, सब उडेल का?

बेसवेडा:
मंडळी एक शंका आहे, गाडीसाठी १२ इंची सब (सबवूफर, फक्त बेसचा स्पीकर) घेतलाय, खोक्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरात १२०० वॉट आणि आतल्या कागदावर बारीक अक्षरात आरएमएस (सतत झेलता येणारी पॉवर) ३००. ड्युअल व्हॉइस कॉइल, म्हणजे आत तारेची दोन वेटोळी, दोन्ही ४ ओहमच्या. बघितलेला मोनो अँप (एकाच चॅनलचा अँप्लिफायर) ४ ओहमला २५० आणि २ ओहमला ४०० देतो, त्याच्या खाली चालत नाही. एक मित्र म्हणतो अँप कमी ताकदीचाच घे, सब सेफ राहील, दुसरा म्हणतो कमी ताकदीच्या अँपनेच सब जळतात. ऐकू कोणाचं?

ओहमवाला:
ते १२०० विसर, खोकं खपवायचा आकडा आहे तो. आरएमएसला आरएमएसच लावून बघायचं. तुझ्या दोन कॉइल पॅरलल केल्या तर २ ओहम, सिरीजमध्ये ८, ४ होतच नाही, म्हणजे २५० चा आकडा तुझ्या कामाचा नाही. ८ ला अँप फार तर १२५ देईल, एवढा खर्च करून ते कशाला. पॅरलल जोड आणि अँपचा गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी जुळवणारा नॉब) मीटरने मोजून सेट कर. सबच्या वायरी काढ, बेस बूस्ट बंद, इक्वलायझर फ्लॅट, स्टिरिओ पाऊण आवाजावर, ५० हर्ट्झची टोन लाव आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला साडेचोवीस व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू वाढव. ३०० वॉट गुणिले २ ओहम झाले ६००, त्याचं वर्गमूळ २४.५ व्होल्ट. तिथेच थांब, नंतर गेनला व्हॉल्यूमसारखं फिरवत बसू नको.

जुना_वायरमन:
वरचं बरोबर. राहिलं मित्रांचं, तर दोघंही अर्धवट बोलतायत. कमी ताकद मिळाली म्हणून कॉइल जळत नाही, हळू आवाजात ऐकताना सबला पाचदहा वॉटच मिळतात की. जळते ती उष्णतेने. छोटा अँप पुरत नाही म्हणून माणूस गेन पिळतो, अँप क्लिप होतो, म्हणजे मर्यादा संपून वेव्हची टोकं कापली जातात, आणि पूर्ण चौकोनी झालेली वेव्ह साध्या साइन वेव्हच्या दुप्पट पॉवर ओतते. म्हणजे २५० चा अँप क्लिपिंगमध्ये ५०० पर्यंत जाऊ शकतो आणि तुझा सब ३०० चा. पण १०० चा अँप कितीही पिळला तरी २०० च्या आसपासच. त्यामुळे ४०० चा घेऊन ३०० वर चालवणं उत्तम, थोडी जागा शिल्लक राहते. जळका वास आला की लगेच बंद कर, ऐकत बसू नको.

आणि वायरिंग!! ४०० वॉटला क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अँपसुद्धा ३५ अँपिअरच्या आसपास ओढतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि तो वायरच्या जाडीप्रमाणे, कारण तो वायर वाचवायला असतो, अँप नाही. ग्राउंडला रंग खरवडून उघड्या पत्र्यावरच बोल्ट मार.

बेसवेडा:
लई भारी, थँक्यू दोघांना. आत्ताच मीटर लावला तर प्रत्येक कॉइल ३.४ दाखवतेय, पीस खराब आहे का? आणि डोअर स्पीकर अजून स्टिरिओवरच आहेत, चालेल ना?

ओहमवाला:
नाही रे, मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो लिहिलेल्या ओहमपेक्षा थोडा कमीच असतो. डोअरवाले सध्या स्टिरिओवरच राहू दे, फक्त ८० हर्ट्झला हाय पास (त्याखालचा आवाज अडवणारा फिल्टर) लाव, खालचा बेस सब बघेल.