नोकरी सोडून लग्नाचे फोटो काढावेत का? (इंदूर)

पन्नास_एमएम:
नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, वय 24. पलासियाला एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. दोन वर्षांपूर्वी जुना क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि 50 एमएमची लेन्स घेतली. रविवारी सकाळी राजवाडा, कृष्णपुरा छत्री, रात्री सराफा, असा भटकत असतो. आता मावशीच्या ओळखीत डिसेंबरात एक लग्न आहे आणि त्यांनी पूर्ण लग्नाचे फोटो मला सांगितलेत, पैसे देऊन. मार्चनंतर नोकरी सोडून हेच करावं असं फार मनात आहे. आई म्हणते, आधी कोणा जाणत्याला विचार. नवीन बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेऊ का? आणि पैसे किती सांगू?

लेन्सवेडा:
फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, घेच. हॉलमधल्या कमी उजेडात फरक लगेच दिसतो. सेकंडहँड चालेल.

रामबागकर:
फरक पडतो हे खरं, पण एका लग्नासाठी विकत घेऊ नकोस बाळा, भाड्याने आण. दोन बॉड्या आण, आणि दोन कार्डं एकाच वेळी लागतात अशाच आण. प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरला पाहिजे. हे मी एवढं का सांगतोय ते ऐक.

2009 सालची गोष्ट. लग्न आपल्याच मराठी घरातलं. सकाळी गौरीहराजवळ नवरी एकटी बसली होती. पिवळी अष्टपुत्री, मुंडावळ्या, खिडकीतून येणारा उजेड थेट अन्नपूर्णेच्या मूर्तीवर. वीस-पंचवीस फोटो काढले. दुपारच्या गडबडीत भरलेलं कार्ड रिकामं समजून मी परत कॅमेऱ्यात घातलं आणि फॉरमॅट केलं. नुसत्या फॉरमॅटने फोटो लगेच पुसले जात नाहीत, तिथेच थांबलो असतो तर बहुतेक परत मिळाले असते. पण मला कळेपर्यंत त्याच कार्डावर पंगतीचे दोनशे फोटो पडले होते. गौरीहराचा एकही निघाला नाही. तेव्हा घरोघरी कॅमेऱ्याचे फोन नव्हते आणि बाकी सगळे मांडवात. मी सगळे पैसे परत केले. नवरीच्या आईने पाकीट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "एकसुद्धा नाही का हो?"

त्या दिवसापासून भरलेलं कार्ड लाल डबीत, उलटं. डबी शर्टाच्या आतल्या खिशात. घरी आल्यावर जेवायच्या आधी दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर कॉपी, आणि त्यातली एक दुसऱ्या दिवशी भावाच्या घरी. अल्बम हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करत नाही.

दुसरं, डिसेंबरचं लग्न एकट्याने अंगावर घेऊ नकोस. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो. त्यात कोणा जुन्या माणसाबरोबर तीन-चार लग्नं कर, बॅग धर, लाइट धर. विधी कळले पाहिजेत. "तदेव लग्नं" सुरू झालं की तुला अंतरपाटाच्या टोकाशी, दोघांचे चेहरे दिसतील असं उभं राहायचंय. पाट सरकल्यावर दोघं एकमेकांकडे बघतात ते एखादा सेकंद, मग हार आणि अक्षता. त्या वेळी तू लेन्स बदलत असलास तर संपलं.

नोकरी मात्र मार्चमध्ये सोडू नकोस. जुने नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ 1866 मध्ये आपल्याच इंदुरात बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले. ती नोकरी सांभाळतच त्यांनी कॅमेरा हातात घेतला. इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी (दुसरे) त्यांना हात दिला, आणि हैदराबादच्या निजामाच्या दरबारी ते गेले ते पुष्कळ वर्षांनी. तुझ्याकडे शनिवार-रविवार आहेत. दोन सीझन असेच काढ. धनुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा एडिटिंग उरकेल.

सराफ्यातली:
मी मिठाई आणि नमकीनवाल्यांचे फोटो काढते, लग्नं नाही, म्हणून फक्त पैशांचं सांगते. दर सांगताना लग्नाचा एकच दिवस मोजू नकोस. माझे एका दिवसाच्या कामामागे तीन दिवस निवड आणि एडिटिंगला जातात. बयाणा घेतल्याशिवाय तारीख अडवू नकोस. आणि हक्काचं कागदावर आण: 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, उलट करार नसेल तर. म्हणजे उद्या तुझ्याच पेजवर टाकायला तुला त्यांची परवानगी लागेल. कोटेशनमध्येच एक ओळ लिही, आणि नवरीला समोर बसून विचार. काही घरांना खरंच नको असतं, ते मानायचं.

पन्नास_एमएम:
काका, ताई, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. एक विचारतो. परवा एका हॉलमध्ये ट्रायल घेतली, शटर 1/500 सेकंदावर ठेवून. फोटोत आडवे काळपट पट्टे आले. सेन्सर बिघडलाय का?

रामबागकर:
सेन्सर ठीक असणार. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात आणि वेगवान शटर त्यातला एक तुकडाच पकडतो. शटर 1/100 वर आण, हलणारं काही नसेल तर 1/50. स्टेजच्या मागच्या एलईडी स्क्रीनचं गणित वेगळं असतं, तिथे कॅमेऱ्यातल्या अँटी-फ्लिकर सेटिंगवर विसंबू नकोस, आदल्या दिवशी जाऊन बघ. हॉल कुठला आहे? रामबागेच्या जवळ असेल तर मी येतो संध्याकाळी, बरोबर बघू.