द्रवणांकाच्या तक्त्यावरून रिॲक्टरमध्ये आधी काय वितळेल ते ठरवता येतं का?

धातुवेडा:
सेमिनारसाठी कोरियमवर (अपघातात अणुभट्टीचं इंधन, नळ्या, स्टील सगळं वितळून होणारा लगदा) वाचतोय आणि एका जागी पार अडकलोय. तक्त्यात युरेनियम डायऑक्साईडचा, म्हणजे इंधनाचा द्रवणांक 2850 अंश सेल्सिअसच्या आसपास, झिरकॅलॉयचा, म्हणजे इंधनावरच्या नळीच्या (क्लॅडिंगच्या) झिरकोनियम मिश्रधातूचा 1800 च्या जवळपास, स्टेनलेस स्टीलचा 1400-1450. म्हणजे आधी स्टील जाणार, मग क्लॅडिंग, इंधन सगळ्यात शेवटी, सरळ हिशोब. पण जिथे बघावं तिथे लिहिलंय की इंधन 2850 च्या कितीतरी आधीच खाली ओघळतं. आणि कंट्रोल रॉडमधलं (साखळी प्रक्रिया आवरणाऱ्या कांड्यांमधलं) बोरॉन कार्बाईड एकटं 2400 च्या वर टिकतं, तरी ते रॉड सगळ्यात आधी जातात म्हणे. मग तो तक्ता घेऊन करायचं काय?

जुनी_भट्टी:
तक्ता बरोबर आहे रे, पण तो एकेका पदार्थाचा आहे आणि कोअरमध्ये, म्हणजे जिथे इंधन असतं त्या गाभ्यात, एकटं कोणीच नसतं. सोल्डर आठव, कथिल 232 ला वितळतं, शिसं 327 ला, पण 63-37 मिसळलं की 183 लाच पाणी. इथे तेच होतं, फक्त भट्टी मोठी. बोरॉन कार्बाईड स्टीलच्या नळीत भरलेलं असतं आणि त्या दोघांची एकमेकांशी रिअ‍ॅक्शन होऊन 1200 च्या सुमाराला द्रव तयार होतो. इन्कोनेलचे (निकेलच्या मिश्रधातूचे) स्पेसर ग्रिड, म्हणजे कांड्यांमधलं अंतर राखणाऱ्या जाळ्या, झिरकॅलॉयला टेकलेले असतात, निकेल-झिरकोनियम आणि लोखंड-झिरकोनियमचे युटेक्टिक, म्हणजे सगळ्यात कमी तापमानाला वितळणारी मिश्रणं, तर हजार अंशांच्याही खाली आहेत. चांदी-इंडियम-कॅडमियमवाले रॉड असतील तर आतला मिश्रधातू 800 लाच पातळ झालेला असतो, नळी फुटायची खोटी की तो बाहेर येऊन शेजारच्या झिरकॅलॉयला खायला लागतो.

आता इंधन. क्लॅडिंग वितळलं की ते द्रव झिरकोनियम युरेनियम डायऑक्साईडला विरघळवायला लागतं, त्यासाठी इंधनाने स्वतः वितळायची गरजच नाही. म्हणून 2850 हा आकडा या गोष्टीत फारसा कामाला येत नाही. फ्रान्समधल्या फेबुस प्रयोगांमध्येही इंधनाच्या कांड्या शुद्ध इंधनाच्या द्रवणांकाच्या काहीशे अंश खालीच कोसळलेल्या दिसल्या.

वाफाळ:
जुनी_भट्टी यांचं सगळं पटलं, पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते तीच मोठी आहे, ती म्हणजे ऑक्साईडचा थर. झिरकोनियम वाफेतून ऑक्सिजन खेचतं, हायड्रोजन सोडतं आणि वर उष्णता देतं, किलोमागे साधारण 6 मेगाज्यूल. 1200 च्या पुढे ही रिअ‍ॅक्शन स्वतःच स्वतःला तापवते आणि मग तापमान आवरत नाही. तेच झिरकोनियम ऑक्साईड मात्र 2700 पर्यंत घट्ट असतं. म्हणजे कोअर हळूहळू तापला आणि वाफ भरपूर असली तर बाहेरून जाड ऑक्साईडचं कवच बनतं, आतला वितळलेला धातू त्यात अडकून राहतो आणि शिवाय इंधन विरघळवायला धातूच कमी उरतो. भराभर तापलं किंवा वाफ कमी पडली तर कवच पातळ, ते लवकर फुटतं आणि इंधन घेऊन धातू खाली. त्यामुळे सेमिनारमध्ये कोणी विचारलं की "किती तापमानाला?" तर आधी विचार किती वेगाने आणि किती वाफेत. कार्ल्सरूहच्या कोरा प्रयोगांमध्ये अशा कांड्या मुद्दाम तापवून बघितल्या होत्या, त्यांचे आडवे छेद बघच, पन्नास परिच्छेद वाचण्यापेक्षा तेवढ्यात जास्त कळतं.

धातुवेडा:
आता बसलं डोक्यात, थँक्स दोघांनाही. पण मग वेसलचं, म्हणजे कोअर ज्यात असतो त्या जाड स्टीलच्या पात्राचं काय? स्टीलचा द्रवणांक एवढा कमी, मग अमेरिकेतल्या थ्री माईल आयलंडला 1979 च्या अपघातात कोअर वितळूनही वेसल टिकली कशी?

जुनी_भट्टी:
तिथे साधारण 20 टन माल खालच्या बुडात पडला आणि एका जागी स्टील अंदाजे 1100 अंशांपर्यंत गेलं होतं. त्या तापमानाला स्टील वितळत नाही पण मऊ होऊन ताणलं जातं, बाकी सगळे आकडे सोडले तरी खरा धोका तोच. वाचलं याचं कारण वेसलमध्ये पाणी होतं आणि ते थिजलेल्या थराच्या फटीत शिरून बूड गार करत राहिलं असं मानतात. दुसरी भानगड अशी की वितळलेलं स्टील इंधनाच्या वितळलेल्या ऑक्साईडवर पातळ थर होऊन तरंगलं तर सगळी उष्णता वेसलच्या भिंतीच्या एका पट्ट्यावर येते. थर जाड असेल तर त्रास कमी, पातळ असेल तर जास्त, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. त्यातही झिरकोनियम पूर्ण ऑक्साईड झालेलं नसेल तर स्टीलमध्ये धातुरूप युरेनियम ओढलं जातं, तो धातू जड होऊन तळाला बसतो आणि थरच उलटतात. रशियात झालेल्या मास्का प्रयोगांमध्ये हे दिसलं.

खडीवाळू:
वेसलच्या खालचं मी सांगतो. काँक्रीट विटेसारखं नुसतं वितळत नाही. आधी त्यातलं पाणी निघतं, पुढे चुनखडीची खडी असेल तर 700-900 च्या टप्प्यात कार्बन डायऑक्साईड सुटतो, हे वायू वितळलेल्या धातूतून बुडबुडे काढत वर येताना हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साईड होतात. म्हणजे वेसलच्या बाहेर पुन्हा स्फोटक वायूचा कारखाना. सिलिका जास्त असेल तर माल घट्ट चिकट होतो, चेर्नोबिलच्या तळघरातला लाव्हा बऱ्यापैकी सिलिकेटचाच आहे, त्यात युरेनियम मिसळलेले झिरकोनियम सिलिकेटचे स्फटिकही सापडले.

फुकुशिमाच्या 1 नंबर युनिटमध्ये 2023 ला रोबोटने बघितलं तर वेसलखालच्या पेडेस्टलचं, म्हणजे तिला पेलणाऱ्या आधाराचं काँक्रीट गायब आणि सळया मात्र उभ्या! काँक्रीट साधारण 1100-1300 लाच ढासळायला लागतं आणि सळईला त्याहून जास्त लागतं हे धरलं तर चित्र जुळतं, पण नक्की काय घडलं यावर अजून वाद चालू आहे.

आणि कोअर कॅचरमध्ये (वेसल फुटली तर वितळलेला माल झेलायला तिच्याखाली ठेवलेलं भांडं) याच रसायनशास्त्राचा उलटा वापर केलाय. व्हीव्हीईआर या रशियन बनावटीच्या रिॲक्टरच्या कॅचरमध्ये लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साईडचं मटेरियल ठेवतात. लोखंडाचा ऑक्साईड उरलेल्या झिरकोनियमला ऑक्सिजन देतो, त्यात पाणी नाही म्हणून हायड्रोजन नाही. शिवाय युरेनियमचा ऑक्साईड हलका होऊन धातूच्या वर येतो, मग वरून पाणी सोडलं तरी ते वितळलेल्या धातूला थेट लागत नाही. चीनमध्ये तियानवानला हे पहिल्यांदा बसवलं.

धातुवेडा:
कॅचरचा भाग माहीतच नव्हता, आता त्यावर वेगळी स्लाईड टाकतो. तो द्रवणांकाचा तक्ता पहिल्या स्लाईडवरून काढून टाकला आणि त्याच्या जागी जोड्यांचा तक्ता करतोय.