मदत हवी आहे: नॅनोफायबरच्या पडद्यातून कण अडतात, पण हवाही अडते
नमस्कार मंडळी. हवा गाळण्यासाठी इलेक्ट्रोस्पिनिंगने (जास्त व्होल्टेज देऊन द्रावणातून अतिबारीक धागे, म्हणजे नॅनोफायबर, ओढण्याची पद्धत) पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या पॉलिमरचा पडदा बनवतेय. डीएमएफ या द्रावकात पॉलिमरचं १० टक्के द्रावण, १८ किलोव्होल्ट, सुई ते कलेक्टर (जिथे धागे जमा होतात) १५ सेंमी. ०.३ मायक्रॉनचे कण छान अडतात (साध्या फिल्टरमध्ये साधारण तेच सगळ्यांत चिवट, ना नीट भरकटत, ना धाग्यावर आदळत), पण प्रेशर ड्रॉप (पडद्यातून जाताना हवेला होणारा अडथळा) इतका की मास्कमध्ये घातला तर श्वास घेणं अवघड. थर पातळ केला की कण निसटतात. द्रावण ७ टक्क्यांवर आणलं, तर धाग्यांवर मणी (थेंबासारख्या गाठी) आले. आधी वैतागले, मग वाटलं, मण्यांमुळे धागे एकमेकांपासून लांब राहून हवेला वाट मिळेल का? कुणी मुद्दाम मणी ठेवून पाहिलेत? की जाड-बारीक धागे मिसळणं बरं?